दोन कॅथलिक, दोन प्रॉटेस्टंट : फादर आल्फ्रेड डेल्प यांची कोठडीतील प्रार्थना

२ फेब्रुवारी हा प्रभू येशूच्या मंदिरातील समर्पणाचा सण. या दिवशी आपल्या चर्चमध्ये मेणबत्त्या आशीर्वादित केल्या जातात आणि वृद्ध शिमोनाने बाळ येशूला हातांत घेतल्याच्या प्रसंगाचे आपण स्मरण करतो. १९४५ साली याच सणाच्या दिवशी दुपारी बर्लिनमधील प्लोट्झेनझे तुरुंगात येशूसंघाच्या एका धर्मगुरूला फाशी देण्यात आली. त्यांचे नाव फादर आल्फ्रेड डेल्प. वय अवघे सदतीस वर्षे. हिटलरच्या राजवटीशी वैर पत्करून प्राण अर्पण करणाऱ्या ख्रिस्ती साक्षीदारांमध्ये त्यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांनी तुरुंगात लिहिलेली आगमनकाळावरील चिंतने जगभरातील श्रद्धावंत दर डिसेंबरमध्ये वाचतात.

परंतु आज आम्ही फादर डेल्प यांच्याविषयी लिहीत आहोत ते एका वेगळ्या कारणासाठी. आयुष्याच्या अखेरच्या चार महिन्यांत हा कॅथलिक धर्मगुरू एका प्रॉटेस्टंट मित्रासोबत प्रार्थना करीत होता. दोघांच्या हातांत बेड्या होत्या, दोघांच्या मध्ये तुरुंगाची भिंत होती आणि दोघांच्याही पुढे एकच फास होता. या प्रार्थनेची वाट मात्र फार दुरून, फादर डेल्प यांच्या बालपणापासून आलेली आहे. म्हणून सुरुवात तेथूनच केली पाहिजे.

आल्फ्रेड डेल्प यांचा जन्म १५ सप्टेंबर १९०७ रोजी जर्मनीतील मानहाइम शहरी झाला. आई कॅथलिक, वडील प्रॉटेस्टंट. आज आपल्या धर्मग्रामांतही अशी मिश्र कुटुंबे आहेत आणि त्यांच्या घरातील अडचणी धर्मगुरूंना व प्रापंचिकांना ठाऊक आहेत. पण शंभर वर्षांपूर्वीच्या जर्मनीत अशा घरातील मूल म्हणजे दोन चर्चमधील ओढाताणीचा विषयच असे. आल्फ्रेडचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्ये झाला. पुढे कुटुंब लाम्पर्टहाइम या गावी राहावयास गेले आणि मुलगा प्रॉटेस्टंट शाळेत जाऊ लागला. ल्यूथरन पद्धतीनेच त्याचे धर्मशिक्षण झाले. वयाच्या तेराव्या वर्षी, १९२१ सालच्या वसंतात, ल्यूथरन चर्चमध्ये त्याचे दृढीकरणही झाले.

त्यानंतर जे घडले ते एका थपडेमुळे घडले असे सांगतात. मुलाची त्या गावच्या कॅथलिक धर्मगुरूंशीही ओळख होती. एके दिवशी तो ल्यूथरन पाळकांकडे उशिरा पोहोचला. कोठे होतास असे विचारल्यावर त्याने कॅथलिक फादरांकडे होतो असे खरे ते सांगितले आणि त्याबद्दल त्याला थप्पड मिळाली. मुलगा स्वभावाने हट्टी व तापट होता. तो तेथून निघाला तो परत गेला नाही. त्याच वर्षीच्या जून महिन्यात त्याने कॅथलिक चर्चमध्ये प्रथम ख्रिस्तप्रसाद घेतला आणि पाठोपाठ कॅथलिक दृढीकरणाचा संस्कारही स्वीकारला. एकाच वर्षात एका मुलाचे दोन चर्चमध्ये दृढीकरण होणे ही गोष्ट आज वाचताना गमतीची वाटते. त्या घरात ती गमतीची नक्कीच नसेल.

आम्हांस या प्रसंगातून कोणा एका पंथाची बाजू घ्यावयाची नाही. त्या काळी अशीच थप्पड उलट दिशेनेही बसू शकली असती. ती चापटी एका पाळकाच्या हातची असली तरी तिच्यामागे चारशे वर्षांचे भांडण होते. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट इतकीच की ख्रिस्ती विभाजन म्हणजे काय, हे फादर डेल्प पुस्तकांतून शिकले नाहीत. ते त्यांनी आपल्या गालावर अनुभवले होते.

कॅथलिक धर्मगुरूंच्या प्रोत्साहनाने आल्फ्रेड डीबुर्ग येथे शिकू लागला व तेथील धर्मप्रांतीय वसतिगृहात राहू लागला. शालान्त परीक्षा होताच एप्रिल १९२६ मध्ये त्याने ऑस्ट्रियातील फेल्डकिर्श येथे येशूसंघात प्रवेश केला. पुढील अकरा वर्षांचा तपशील येथे देण्याचे कारण नाही. येशूसंघाचे दीर्घ प्रशिक्षण आपल्या वाचकांना परिचित आहे. तत्त्वज्ञान, मुलांच्या शाळेत पर्यवेक्षक व क्रीडाशिक्षक म्हणून सेवा, मग ईशज्ञान. दरम्यान १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. १९३५ साली डेल्प यांचा हायडेगर या तत्त्वज्ञावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. २४ जून १९३७ रोजी म्युनिक येथील सेंट मायकल चर्चमध्ये कार्डिनल फाउलहाबर यांच्या हस्ते त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

१९३९ पासून ते येशूसंघाच्या ‘श्टिमेन डेर त्साइट’ या प्रतिष्ठित मासिकाच्या संपादकवर्गात काम करू लागले. समाजप्रश्न हा त्यांचा विषय. विद्यापीठात पदवीसाठी प्रवेश मागितला, तर राजकीय कारणांवरून तो नाकारण्यात आला. १९४१ साली नाझींनी मासिकच बंद पाडले. मग म्युनिकच्या बोगेनहाउझेन भागातील सेंट जॉर्ज या छोट्या चर्चची जबाबदारी त्यांच्याकडे सोपविण्यात आली. तेथे त्यांची प्रवचने ऐकण्यास लोक येत, बॉम्बहल्ल्यानंतर ढिगारे उपसण्यास फादर स्वतः जात आणि छळ होत असलेल्या ज्यू बांधवांना गुप्तपणे साह्य करीत. चिरूट ओढण्याची त्यांना आवड होती. वादविवादात ते सहसा माघार घेत नसत. तेव्हा संतचरित्रांतून भेटणारी सौम्य मूर्ती वाचकांनी डोळ्यांपुढे आणू नये.

याच काळात त्यांची गाठ त्या मित्राशी पडली.

हेल्मुट जेम्स फॉन मोल्टके हे प्रशियातील एका विख्यात सरदार घराण्यातील. एकोणिसाव्या शतकातील फील्डमार्शल मोल्टके हे त्यांचे पूर्वज-आप्त. हेल्मुट यांचा जन्मही १९०७ सालचाच, मार्च महिन्यातला. म्हणजे दोघे मित्र एकाच वयाचे. आई दक्षिण आफ्रिकेतील सरन्यायाधीशांची कन्या. आईवडील ख्रिश्चन सायन्स या पंथाचे अनुयायी, आणि वडिलांना कॅथलिक चर्चविषयी फारशी आस्था नव्हती. हेल्मुट स्वतः प्रॉटेस्टंट चर्चचे सभासद होते. व्यवसायाने ते कायदेपंडित. युद्धकाळात सैन्याच्या गुप्तवार्ता विभागात आंतरराष्ट्रीय कायद्याचे सल्लागार म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. युद्धकैद्यांना, ओलिसांना व ज्यूंना वाचविण्यासाठी कायद्याचा जेवढा आधार घेता येईल तेवढा ते घेत होते.

मोल्टके आरंभी विशेष श्रद्धाळू नव्हते. माणूस सद्वर्तनी असला म्हणजे पुरे, देवावरील श्रद्धा अत्यावश्यक नाही, असे त्यांना युद्धापूर्वी वाटत असे. १९४२ साली एका इंग्रज मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपली ही समजूत चुकीची होती अशी कबुली दिली. सर्वस्व पणाला लावण्याची वेळ येते तेव्हा केवळ चांगली नीतितत्त्वे माणसाला तोलून धरीत नाहीत, हे त्यांना कळून चुकले होते.

सायलेशियातील क्रायझाऊ या आपल्या वाडीवर मोल्टके यांनी निवडक माणसांना गुप्तपणे एकत्र आणले. हिटलरचा पाडाव होणारच, पण त्यानंतर जर्मनी कोणत्या पायावर उभी करावयाची, हा त्यांचा प्रश्न. त्या मंडळात सरदार होते, समाजवादी कामगार पुढारी होते, प्रॉटेस्टंट विद्वान होते. कॅथलिक सामाजिक शिकवण जाणणारा माणूसही त्यांना हवा होता. येशूसंघाचे म्युनिक येथील प्रांताधिकारी फादर आउगुस्टिन र्‍योश यांच्याशी मोल्टके यांची ओळख झाली आणि त्यांनी १९४२ साली फादर डेल्प यांना या कामासाठी पुढे केले. क्रायझाऊ येथे तीन मोठ्या बैठका झाल्या. त्यांतील ऑक्टोबर १९४२ आणि जून १९४३ च्या बैठकींना डेल्प हजर होते. कामगारांचे हक्क, कुटुंबाचे स्थान, शाळा, चर्च व शासन यांचा संबंध अशा विषयांवर दिवसदिवस चर्चा चाले. ऑगस्ट १९४३ मध्ये तयार झालेल्या मसुद्यात ख्रिस्ती श्रद्धा हाच राष्ट्राच्या नैतिक पुनरुज्जीवनाचा पाया मानलेला आहे. असा मसुदा प्रॉटेस्टंट व कॅथलिक यांनी शेजारी बसून लिहावा, ही त्या देशात नवलाईची गोष्ट होती.

जानेवारी १९४४ मध्ये मोल्टके पकडले गेले. २० जुलै १९४४ रोजी हिटलरला बॉम्बने उडविण्याचा प्रयत्न फसला आणि धरपकडीची लाट उसळली. २८ जुलै रोजी सकाळची मिस्सा संपवून फादर डेल्प सेंट जॉर्ज चर्चमधून बाहेर पडत असता गेस्टापोने त्यांना अटक केली. अवघ्या अठरा दिवसांनी, स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, त्यांची येशूसंघातील अखेरची व्रते व्हावयाची होती. त्याऐवजी बर्लिनमध्ये चौकशी, मारहाण व एकांतवास त्यांच्या वाट्याला आला. सप्टेंबरच्या अखेरीस त्यांना टेगेल येथील तुरुंगात हलविण्यात आले.

टेगेलमध्ये त्यांच्या जवळच्याच कोठड्यांत तीन परिचित माणसे होती. एक अर्थातच मोल्टके. दुसरे ऑयगेन गेर्स्टनमायर, प्रॉटेस्टंट ईशज्ञानी; २० जुलैच्या दिवशी ते कटाच्या मुख्यालयात बायबल आणि पिस्तूल अशा दोन्ही वस्तू बरोबर घेऊन गेले होते. तिसरे योझेफ-एर्न्स्ट फुगर, बव्हेरियातील कॅथलिक राजपुत्र. दोन कॅथलिक, दोन प्रॉटेस्टंट.

या कैद्यांचे हात रात्रंदिवस बेड्यांत असत. कोठडीतील दिवा रात्रीही विझवला जात नसे. बाहेर अंगणात फिरावयास नेत तेव्हा बोलण्याची मनाई होती. तरीही माणसे वाट काढतात. प्रॉटेस्टंट तुरुंग-पाळक हाराल्ड पोएल्खाऊ हे मोल्टके यांचे विश्वासू. मोल्टके व त्यांची पत्नी फ्रेया यांची पत्रे त्यांनी महिनोन्महिने आपल्या खिशातून आणली-नेली. सापडले असते तर त्यांचाही शेवट तोच होता. फादर डेल्प यांच्यासाठी मारिआने हापिग आणि मारिआने प्युन्डर या दोन कॅथलिक भगिनी धावून आल्या. त्या त्यांचे कपडे धुण्यास नेत आणि त्या कपड्यांच्या गाठोड्यातून चिठ्ठ्या आत-बाहेर जात. त्याच मार्गाने होस्ती व थोडासा द्राक्षरस कोठडीत पोहोचू लागला. ऑक्टोबरपासून फादर डेल्प बेड्या घातलेल्या हातांनी पवित्र मिस्सा अर्पण करू लागले. वेदी नाही, वस्त्रे नाहीत, सेवक मुलगा नाही. आपल्या चर्चमधील ध्वनिक्षेपक बिघडला की आपण किती अस्वस्थ होतो, याची आम्हांस येथे आठवण होते.

लेखन त्यांनी तेथेच केले. कधी पहारेकऱ्याने एका हाताची कडी जरा सैल ठेवली तर तो हात बाहेर काढता येई. मग दुसऱ्या हातात लोंबणारी बेडी सांभाळत आणि दाराकडे कान ठेवून ते कागदावर लिहीत. आगमनकाळ व नाताळ यांवरील त्यांची चिंतने अशी जन्माला आली. ८ डिसेंबर रोजी, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशी, फादर फ्रान्त्स फॉन टाटेनबाख भेटीस आले आणि त्यांच्यासमोर, पहारेकऱ्याच्या देखतच, डेल्प यांनी लांबलेली अखेरची व्रते घेतली. येशूसंघ सोडल्यास सुटका होईल असा गेस्टापोचा प्रस्ताव त्यांच्यापुढे होता. व्रते हे त्या प्रस्तावाचे उत्तर होते.

आता त्या प्रार्थनेविषयी. चौघे जण एकमेकांसाठी व एकमेकांसोबत प्रार्थना करीत होते, असे फादर डेल्प यांनी बाहेर पाठविलेल्या चिठ्ठ्यांवरून आपल्याला कळते. आपण येथे चौघे प्रार्थना करतो, दोन कॅथलिक व दोन प्रॉटेस्टंट, आणि देवाच्या चमत्कारांवर आमचा विश्वास आहे, असा त्यांच्या एका चिठ्ठीचा आशय. गुडघे टेकण्यासाठी एकत्र जागा नव्हती. आवाजात आवाज मिसळता येत नव्हता. शेजारच्या कोठडीत आपला मित्र आताही जागा आहे, तोही आपले नाव घेऊन त्याच पित्याकडे मागणे मागत आहे, एवढेच त्यांना माहीत असे. ज्यांनी रुग्णालयात आजारी माणसाच्या उशाशी रात्र काढून, घरी गुडघे टेकलेल्या कुटुंबाची आठवण केली असेल त्यांना ही सोबत काय असते हे सांगावे लागणार नाही.

या गोष्टीचे मोल कळण्यासाठी त्या काळचे नियम ध्यानात घेतले पाहिजेत. १९१७ च्या धर्मसंहितेतील १२५८ व्या कलमाने कॅथलिकांना अन्य पंथीयांच्या उपासनेत सक्रिय भाग घेण्यास मनाई केली होती. १९२८ साली पोप अकरावे पायस यांनी आंतरपंथीय परिषदांपासून कॅथलिकांनी दूर राहावे असे बजावले होते. त्यामागे कारण होते. सगळे पंथ सारखेच, कोठेही गेले तरी चालते, असा उथळ समज पसरू नये ही चिंता होती, आणि ती अनाठायी होती असे आम्ही म्हणणार नाही. परंतु सर्वसाधारण श्रद्धावंताच्या मनात त्याचा परिणाम असा झाला की प्रॉटेस्टंट शेजाऱ्यासोबत साधी प्रभूची प्रार्थना म्हणतानाही तो दचकू लागला.

फादर डेल्प यांनी कोणताही नियम धाब्यावर बसविला नाही. त्यांची मिस्सा ही कॅथलिक मिस्साच राहिली, त्यांची व्रते येशूसंघाचीच राहिली. मोल्टके यांनीही आपला पंथ सोडला नाही. बायबल व आपल्या चर्चची गीते यांवरच ते तुरुंगात जगत होते. दोघांनी आपापले मतभेद झाकून ठेवून एखादा मधला, बेचव धर्म तयार केला नाही. आम्हांस हे विशेष वाटते. मैत्री टिकावी म्हणून श्रद्धेचे टोक बोथट करावे लागते असा आपला समज असतो. येथे उलट घडले. डेल्प जितके अधिक येशूसंघीय झाले आणि मोल्टके जितके अधिक बायबलनिष्ठ झाले, तितके ते एकमेकांच्या जवळ आले.

९ जानेवारी १९४५ रोजी तथाकथित लोकन्यायालयात खटला उभा राहिला. न्यायाधीश रोलांड फ्राइस्लर. त्याच्या आरडाओरड्याबद्दल तो कुप्रसिद्ध होता. २० जुलैच्या कटात हात असल्याचा आरोप या आरोपींवर सिद्ध होऊ शकला नाही. मग उरले काय? एका येशूसंघीय धर्मगुरूसोबत बसून जर्मनीच्या भवितव्याचा विचार केला, हे उरले. फ्राइस्लरने येशूसंघावर शिव्यांचा वर्षाव केला. ख्रिस्ती धर्म आणि नाझीवाद यांच्यात एकच साम्य आहे, दोघेही संपूर्ण माणूस मागतात, असे त्याने भर न्यायालयात मोल्टके यांना सुनावले. सैतानाच्या तोंडून कधी कधी सत्य बाहेर पडते, त्यातलाच हा प्रकार.

मोल्टके यांनी त्या दिवसांत पत्नीला लिहिलेली पत्रे पुढे प्रसिद्ध झाली. त्यांत त्यांनी समाधानाने नोंदविले आहे की आपण त्या न्यायासनापुढे प्रॉटेस्टंट म्हणून, जमीनदार म्हणून, सरदार म्हणून किंवा प्रशियन म्हणून उभे राहिलो नाही. केवळ ख्रिस्ती म्हणून उभे राहिलो. या पत्रात त्यांनी एक विनोदही केला आहे. सगळ्याचा अर्थ शेवटी असा झाला की आपण लोयोलाच्या संत इग्नेशियससाठी हुतात्मा होणार. कॅथलिकांना नाके मुरडणारे आपले दिवंगत वडील स्वर्गात याबद्दल काय म्हणतील, याचीच आपणास धास्ती वाटते, असे त्यांनी लिहिले. मृत्युदंडाच्या छायेत एका प्रॉटेस्टंट माणसाने येशूसंघाच्या संस्थापकावर केलेली ही थट्टा आम्हांस अनेक परिषदांच्या ठरावांपेक्षा अधिक बोलकी वाटते. ज्यांच्यासोबत आपण प्रार्थना करतो त्यांचीच अशी थट्टा करता येते.

११ जानेवारी रोजी निकाल लागला. डेल्प व मोल्टके यांना मृत्युदंड. गेर्स्टनमायर यांना सात वर्षांची, फुगर यांना तीन वर्षांची सक्तमजुरी. आपल्याला शिक्षा झाली ती आपण येशूसंघीय आहोत म्हणूनच, असे फादर डेल्प यांनी आपल्या संघबंधूंना कळविले.

एरवी निकालानंतर त्याच दिवशी फाशी देत. या दोघांना मात्र टेगेलला परत आणण्यात आले आणि आणखी काही दिवस मिळाले. मोल्टके यांना बारा दिवस. २३ जानेवारी रोजी प्लोट्झेनझे येथे त्यांना फाशी देण्यात आली. १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा सप्ताह १९०८ पासून पाळला जात आला आहे. मोल्टके यांच्या मृत्यूचा दिवस त्याच सप्ताहात येतो. जानेवारीच्या त्याच दिवसांत फादर डेल्प यांनी मित्राच्या घरी नुकत्याच जन्मलेल्या आपल्या धर्मपुत्राला एक पत्र लिहिले. ते बाळ ते पत्र मोठेपणी वाचणार होते. मित्र गेलेला, स्वतःचा दोर तयार, आणि हा माणूस पाळण्यातल्या बाळाशी आयुष्याविषयी बोलत होता.

तुरुंगातील त्यांच्या लेखनात चर्चच्या भवितव्यावर एक टिपण आहे. आपल्याच चर्चवर त्यांनी इतके कठोर शब्द वापरले आहेत की ते वाचताना आजही अवघडल्यासारखे होते. भांडणाऱ्या ख्रिस्ती जनांचे दृश्य चर्चने जगापुढे यापुढेही मांडत राहिले, तर जग चर्चला आपल्या हिशेबातून वगळील, असे त्यांनी बजावले. हे विभाजन आता आपल्याला ऐतिहासिक वारसा म्हणून आणि क्रूस म्हणून वाहावे लागेल. आज जगणाऱ्यांपैकी कोणीही ते पुन्हा करणार नाही. तरीही त्याची लाज आपल्याला सतत वाटली पाहिजे, कारण ख्रिस्ताने सोपविलेली प्रीती आपल्याला अखंड राखता आली नाही. ऐक्य लगेच होईल असे भोळे स्वप्न त्यांनी पाहिले नाही. चर्चने माणसांच्या सेवेत परत उतरावे, उपाशी माणसाजवळ, एकाकी माणसाजवळ, वाट चुकलेल्या माणसाजवळ जावे, ही त्यांची दुसरी मागणी. तेरा वर्षांच्या मुलाला बसलेली ती थप्पड येथपर्यंत पोहोचली होती. तिचा सूड त्यांनी घेतला नाही, ती विसरलेही नाहीत.

जानेवारीच्या अखेरीस त्यांना प्लोट्झेनझेला हलविले. २ फेब्रुवारीला कॅथलिक तुरुंग-धर्मगुरू पेटर बुखहोल्त्स त्यांच्यापाशी होते. डेल्प यांनी त्यांना युद्धाची ताजी बातमी विचारली आणि अर्ध्या तासाने आपल्याला तुमच्यापेक्षा अधिक माहिती असेल असे हसत म्हटले, अशी आठवण सांगतात. दुपारी तीननंतर सारे संपले. देह जाळण्यात आला आणि हिटलरच्या आज्ञेप्रमाणे राख बर्लिनच्या सांडपाण्याच्या शेतांवर उधळण्यात आली, जेणेकरून कोठेही कबर राहू नये, कोणी फूल वाहू नये. मोल्टके यांचीही राख अशीच गेली. दुसऱ्या दिवशी, ३ फेब्रुवारीला, बर्लिनवरील बॉम्बहल्ल्यात फ्राइस्लर ठार झाला.

युद्धानंतर डेल्प यांचे तुरुंगलेखन पुस्तकरूपाने आले. अमेरिकेतील इंग्रजी आवृत्तीला ट्रॅपिस्ट साधू थॉमस मर्टन यांनी प्रस्तावना लिहिली. आणि चर्चमध्येही हळूहळू दार उघडू लागले. डिसेंबर १९४९ मध्ये रोमने प्रथमच अशी मुभा दिली की कॅथलिक व अन्य पंथीय यांच्या चर्चासभांच्या आरंभी व अखेरीस प्रभूची प्रार्थना किंवा चर्चने मान्य केलेली दुसरी एखादी प्रार्थना सर्वांनी मिळून म्हणावी. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती ऐक्यावरील आज्ञापत्र प्रसिद्ध केले. त्याच्या आठव्या परिच्छेदात कॅथलिकांनी आपल्या विभक्त बंधूंसोबत ऐक्यासाठी प्रार्थना करणे केवळ चालणारे नव्हे तर इष्ट असल्याचे सांगितले आहे. संस्कारांतील सहभागाविषयी मात्र सावधगिरी राखली आहे. टेगेलच्या कोठड्यांतील भेद नेमका हाच होता. मिस्सा वेगळी, प्रार्थना एक.

आपल्याकडे ही वाट आज मोकळी आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने आपण आपल्या चर्चमध्ये प्रेमाने गातो. गाताना ते प्रॉटेस्टंट होते हे आठवतही नाही. तरीसुद्धा शेजारच्या मेथडिस्ट किंवा मराठी मिशनच्या घरी कोणी आजारी असले की आपण फळे घेऊन जातो, विचारपूस करतो आणि प्रार्थनेची वेळ आली की घड्याळाकडे पाहून उठतो. तेही आपल्या घरी येऊन असेच उठत असतील. जानेवारीतील ऐक्यसप्ताहाच्या सभेला किती जण येतात, याचा हिशेब प्रत्येक धर्मग्रामाने आपला आपण करावा. आमच्याकडील उपस्थिती खुर्च्यांपेक्षा कमीच असते.

त्या चौघांतील दोघे वाचले होते. युद्ध संपल्यावर गेर्स्टनमायर यांनी निराश्रितांच्या मदतीसाठी प्रॉटेस्टंट चर्चचे मोठे मदतकार्य उभे केले. १९४९ साली नव्या जर्मन संसदेची पहिली निवडणूक झाली तेव्हा ते निवडून आले आणि फुगरही निवडून आले. एक प्रॉटेस्टंट, एक कॅथलिक. टेगेलमध्ये जवळच्या कोठड्यांत राहिलेले हे दोघे चार वर्षे एकाच सभागृहात, एकाच संसदीय गटाच्या बाकांवर बसत होते. पुढे गेर्स्टनमायर १९५४ पासून १९६९ पर्यंत त्या संसदेचे अध्यक्ष होते.